‘ओटीपीचं सांगतलं, पिनचं कुठी सांगतलं?’



मागच्या महिन्यात आपल्याच तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत जमा झाली, कर्जाची परतफेड झाली, चहा आला. बाया उठायला लागल्या तशा गटाच्या कोषाध्यक्ष ताई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, मोबाइलमधून पैसे गेले माह्ये. कोनाले सांगू नका."

झालं असं होतं. त्यांना एक फोन आला. समोरचा माणूस चांगलं मराठी बोलत होता, ताई-ताई करत होता. "लाडकी बहीणचे तुमचे तीन हप्ते अडकले आहेत, आज एकदम टाकून देतो," म्हणाला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवलं, दुकानात असतो तसा काळा-पांढरा चौकोन. "हे पैसे भरायच्या अ‍ॅपमध्ये उघडा. पैसे जमा व्हायला तुमचा पिन टाका." ताईंनी टाकला. खात्यातून सहा हजार चारशे गेले. त्यातले चार हजार गटाच्या दोघींनी परतफेडीचे म्हणून पाठवलेले होते.

ही गोष्ट नऊ दिवस त्यांनी पोटात ठेवली. घरी कळलं तर फोनच काढून घेतील, ही भीती.

मी म्हटलं, "ताई, आपण बैठकीत सांगितलं होतं ना, ओटीपी कुणाला द्यायचा नाही म्हणून?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यानं ओटीपी मांगलाच नाई मॅडम. मांगला असता त मी फोनच ठेवला असता. तुमी ओटीपीचं सांगतलं होतं. पिनचं कुठी सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईंनी माझं ऐकलं होतं, अगदी शब्दाला शब्द. मी एमएसडब्ल्यू केलं, प्रशिक्षणं घेतली आणि गावोगाव जाऊन तुम्हाला एक वाक्य पाठ करून दिलं. त्या शब्दाचा अर्थ काय, तो करतो काय, हे सांगितलंच नाही. म्हणून या अंकात घोषणा नाही. मोबाइलमधले काही शब्द घेऊ आणि प्रत्येकाचं काम पाहू.

पिन आणि ओटीपी

पिन म्हणजे आपण स्वतः ठरवलेला चार किंवा सहा आकडी क्रमांक. तो आपल्या कपाटाच्या किल्लीसारखा आहे. आता विचार करा, कपाटाची किल्ली कधी लागते? आतलं बाहेर काढायला. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे पाठवताना, पैसे आपोआप कापून घ्यायची परवानगी देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे येताना पिन कधीच लागत नाही. शेजारीण तुम्हाला शंभर रुपये पाठवते तेव्हा तुम्ही शेतात असता, फोन घरी असतो, तरी पैसे जमा होतात. तुम्ही काही केलं का? नाही. आता काही अ‍ॅपमध्ये पिनऐवजी बोट किंवा चेहरा दाखवूनही पैसे जातात, पण नियम तोच. "पैसे घ्यायला पिन टाका" असं जो म्हणतो, तो पैसे देत नाही, काढतो आहे.

तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे क्यूआर. १९९४ साली जपानमधल्या एका कंपनीने कारखान्यातले सुटे भाग ओळखायला तो काढला. त्यात जादू काही नाही. पैसे भरायच्या क्यूआरमध्ये पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता असतो. किराणा दुकानात आपण स्कॅन करतो तेव्हा पैसे दुकानदाराकडे जातात. मग एखाद्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन केला तर पैसे कुणाकडे जातील? पूर्वी पैसे मागायची विनंती पाठवूनही लोक फसवायचे. माणसामाणसांमधली ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. क्यूआर मात्र आहेच.

आता ओटीपी. एकदाच चालणारा आकडा. काही मिनिटांत तो बाद होतो. तुम्ही मागणी केली की यंत्र तो तयार करून तुमच्या नंबरवर पाठवतं, म्हणजे मागणारी बाई खरंच तीच आहे का, हे त्याला कळतं. आपल्याकडे सरपंच किंवा पोलीस पाटील "हो, ही आमच्याच गावची" अशी ओळख देतात, तशी ही ओळख तुमचा फोन देतो.

इथे एका आजीने मला चांगलंच पकडलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली. स्वतःचा आधार क्रमांक टाका, ओटीपी टाका. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, पुन्हा ओटीपी. आजी म्हणाल्या, "पोरी, तू म्हन्ते ओटीपी द्याचा नाई. अन सरकार त ओटीपीच मांगते. आता तुहं ऐकू का सरकारचं?"

दोघांचंही ऐकायचं. फरक असा आहे. दार तुम्ही वाजवलं असेल, म्हणजे खऱ्या साइटवर स्वतः गेलात, स्वतः आधार क्रमांक टाकला आणि मग ओटीपी आला, तर तो तिथे टाकायचा. दार त्याने वाजवलं असेल, म्हणजे फोन त्याचा, काम त्याने काढलेलं, आणि तुमच्या फोनवर आलेला आकडा तोंडाने सांगा म्हणतो, तर सांगायचा नाही. आणि आकड्याच्या मागेपुढे लिहिलेलं वाचायचं. तिथे बरेचदा हा ओटीपी कशासाठी आणि किती रुपयांचा, ते लिहिलेलं असतं. आपण घाईत फक्त आकडा पाहतो.

केवायसी म्हणजे बँकेने किंवा सरकारने आपली ओळख तपासून घेणं. पूर्वी आपण झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन जायचो. तेच काम कागदाशिवाय झालं की ई-केवायसी. "आज केवायसी केलं नाही तर रात्री बारानंतर खातं बंद," असा फोन आला तर फोन ठेवायचा आणि उद्या बँकेत जायचं. खातं रातोरात कुठे पळत नाही.

पत्ता उलटा वाचायचा

लिंक म्हणजे दुसऱ्या पानावर नेणारी पायवाट. पायवाटेला नाव काहीही देता येतं, म्हणून ती कुठे पोचते ते पाहायचं.

आपण पत्ता कसा सांगतो? नाव, गाव, तालुका, जिल्हा. मोठी गोष्ट शेवटी. इंटरनेटचा पत्ताही तसाच असतो. लाडकी बहीणचा खरा पत्ता "महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन" असा संपतो. शेवटचं "गव्ह डॉट इन" हा सरकारचा जिल्हा समजा, तो खाजगी माणसाला मिळत नाही. समजा कुणी पाठवलं, "लाडकीबहीण-महाराष्ट्र-गव्ह डॉट कॉम". लाडकी बहीण आहे, महाराष्ट्र आहे, गव्हसुद्धा आहे. पण शेवट "डॉट कॉम". म्हणजे गाव मानोरा सांगितलं आणि जिल्हा भलताच निघाला. कॉम कुणीही विकत घेऊ शकतो. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने आता "बँक डॉट इन" असा शेवट असलेला पत्ता घ्यायला लावला आहे. पत्त्यात तिरकी रेघ आली की पत्ता तिथे संपला, पुढे लिहिलेल्याकडे पाहायचं नाही. ई-केवायसीच्या काळात खोट्या साइट निघाल्या होत्या, तेव्हा आपण रंग आणि फोटो पाहून विश्वास ठेवत होतो. फोटो तर कुणीही चिकटवतं.

इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, अशा ताईंनी काय करायचं? घरातल्या शाळकरी मुलीला विचारा, "शेवटी काय लिहिलं आहे?" एवढा एकच प्रश्न. आणि पैशाच्या मेसेजमधल्या लिंकवर बोट लावूच नका.

बिनबिलाचं बियाणं

व्हॉट्सअ‍ॅपवर कधी लग्नपत्रिका येते, कधी "तुमच्या गाडीवर दंड आहे" असा मेसेज, कधी पीएम किसानची यादी. खाली फाइल, तिच्या नावाच्या शेवटी एपीके. एपीके म्हणजे कागद नाही, फोटो नाही. ते आख्खं अ‍ॅप आहे, थेट फोनमध्ये पेरायचं.

प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप म्हणजे कृषी केंद्रातून बिल घेऊन आणलेली बॅग. त्यातही कधी खोट निघते, पण निदान बिल असतं, टॅग असतो, तक्रार करता येते. एपीके म्हणजे रात्री मोटारसायकलवर कुणी आणून दिलेलं, बिन टॅगचं बियाणं. उगवल्यावरच कळतं काय होतं ते. असं अ‍ॅप उघडलं की ते "मेसेज वाचू का?" अशी परवानगी मागतं. आपण हो म्हणतो. मग आलेला ओटीपी ते स्वतःच वाचतं आणि परस्पर पाठवून देतं. "मी कोनालेच ओटीपी सांगतला नाई, तरी गेले" असं म्हणणाऱ्या ताई खोटं बोलत नसतात. खरी पत्रिका फोटो म्हणून येते किंवा पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणून कुणाचंही लग्न येत नाही.

अंगठा आणि चेहरा

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात दिला गेला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, रंजना सोनवणे या ताईंना. तेव्हापासून आपला अंगठा म्हणजे आपली सही झाली, आणि हल्ली चेहराही. अंगणवाडीत घरपोच आहार देताना सेविका ताई आईचा चेहरा फोनसमोर धरायला सांगतात, ते हेच. याला बायोमेट्रिक म्हणतात, शरीराची खूण.

पिन फुटला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? म्हणून त्याला कुलूप लावायची सोय आहे. आधारच्या अ‍ॅपवर किंवा साइटवर बायोमेट्रिक लॉक लावता येतं. लावलं की तुमच्या अंगठ्याने कुणी पैसे काढू शकत नाही. तुम्हाला स्वतःला लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. पण एक लक्षात ठेवा, लॉक लावलं आणि रेशन दुकानात गेलात तर तिथेही अंगठा चालणार नाही, आधी उघडावं लागेल. ज्या ताई महिन्यातून चार वेळा अंगठ्याने पैसे काढतात त्यांना हे रोजचं कुलूप कटकटीचं वाटेल, ते मला मान्य आहे. त्यांनी निदान पावती घेतल्याशिवाय उठू नये. "अंगठा उमटला नाही, परत लावा" असं म्हटलं तर आधीच्या वेळेची पावती किंवा मेसेज पाहायचा. आधारबद्दल शंका असली तर १९४७ या नंबरवर फोन करता येतो. स्वातंत्र्याचं साल, सहज लक्षात राहतं.

एआय: माणूस नाही, पण माणसासारखं बोलतं

हा शब्द आता बैठकीतही येतो. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. माणसांनी लिहिलेलं, बोललेलं प्रचंड प्रमाणात यंत्राला दाखवलं आहे. त्यावरून पुढचा शब्द कोणता यावा याचा ते अंदाज बांधतं. त्याला ठाऊक असतंच असं नाही, पण बोलतं मात्र ठाऊक असल्यासारखं. आपल्या गावात असा एखादा तरी माणूस असतोच!

त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये महाविस्तार नावाचं अ‍ॅप आणलं. त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो. सोयाबीन पिवळं पडलं, काय करू, असं विचारा, उत्तर येतं. गटाचा अर्ज कसा लिहावा हेही एआयला विचारता येतं, मी स्वतः विचारते. पण औषधाचं नाव आणि पाण्यात किती टाकायचं, हे कोणत्याही यंत्राने सांगितलं तरी डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय किंवा कृषी सहायकांना विचारल्याशिवाय पंपात घालू नका. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. यंत्राचं उत्तर चुकलं तर त्याला विषबाधा होत नाही.

एआयची दुसरी बाजू आवाजाची. एखाद्याचं थोडं बोलणं मिळालं की यंत्र त्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतं. चेहऱ्याचा खोटा व्हिडिओ केला तर त्याला डीपफेक म्हणतात. आपली मुलं पुण्या-मुंबईला कामाला आहेत. रात्री फोन आला, "आई, माहा अपघात झाला, या नंबरवर पैसे टाक," आणि आवाज हुबेहूब पोराचा, तर कोणती माय थांबेल? म्हणून आजच घरात एक शब्द ठरवून ठेवा, जो बाहेर कुणालाच माहीत नाही. बैलाचं नाव असो, नाही तर आजीच्या माहेरचं गाव. फोनवर तो शब्द विचारायचा. किंवा फोन ठेवून पोराच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावायचा.

वर्दी घालून व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" असं म्हणणारेही आहेत. कायद्यात अशी अटक नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं. कॉल बंद केला तर काही होत नाही.

क्लाउडबद्दलही काही जणींनी विचारलं होतं. ढगाशी त्याचा संबंध नाही. आपले फोटो, नंबर आपल्या फोनबरोबरच दूर कुठल्या तरी कंपनीच्या मोठ्या यंत्रात ठेवलेले असतात, म्हणून फोन पाण्यात पडला तरी नव्या फोनमध्ये परत येतात. सध्या एवढं पुरे.

गेलेच तर

१९३० हा नंबर. आपल्या पंजीच्या पहिल्या पानावर लिहा, आज. पैसे गेले की चोर ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि शेवटी काढून घेतो. १९३० वर तक्रार नोंदली की त्या बँकांना निरोप जातो आणि वाटेत कुठे पैसे सापडले तर तिथेच रोखले जातात. म्हणजे ही शर्यत आहे. पहिला तास लाखाचा. त्यासोबत आपल्या बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं सांगितलं होतं, की पिन-ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर पुन्हा पैसे गेले तर ती जबाबदारी बँकेची. म्हणून चूक आपली असली तरी कळवायचंच.

त्या ताईंची तक्रार आम्ही तिथेच, चहाचे कप बाजूला सारून लावली. व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ विचारली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. नऊ दिवस उलटलेले होते. हे लिहीपर्यंत पैसे परत आलेले नाहीत आणि येतीलच असं मी त्यांना म्हणालेही नाही.

त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं. पण गटाचे चार हजार होते, त्यामुळे पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच उभं राहून सांगितलं. मला वाटलं होतं आता आवाज चढतील. एक-दोघी बोलल्याही. मग एका ताईने सांगितलं, तिचेही दोन हजार असेच गेले होते, दिवाळीत. मग आणखी एकीने सांगितलं. तिघी निघाल्या एकाच गटात, आणि तिघींनाही वाटत होतं की आपणच एकटी अडाणी. गटाने ठराव केला. चार हजार ताईंना अंतर्गत कर्ज म्हणून दिले, हप्ता महिना चारशे. आणि परतफेडीचे पैसे यापुढे कुणाच्याही स्वतःच्या खात्यावर घ्यायचे नाहीत, थेट गटाच्या खात्यात. कोषाध्यक्ष त्याच राहिल्या. हा लेख छापू का म्हणून मी विचारलं. "नाव टाकू नका, बाकी समदं टाका," म्हणाल्या.

पुढच्या बैठकीला येताना एक गोष्ट घरून विचारून या. तुमच्या आधारला आणि बँक खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे? मागच्या आठवड्यात मी एका गटात हात वर करायला सांगितलं, तर निम्म्याहून जास्त ताईंचा नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा निघाला. काहींचा तर बंद पडलेला. म्हणजे खातं तुमचं, पैसे तुमचे आणि ओटीपी भलत्याच फोनवर. ज्यांना स्वतःचा नंबर जोडायचा आहे त्यांनी मूळ आधार कार्ड, पासबुक आणि चालू असलेला मोबाइल सोबत आणावा. गटाप्रमाणे नावं लिहून घेऊ आणि आधार केंद्रात व बँकेत एकाच दिवशी सगळ्या मिळून जाऊ.